संध्याकाळच्या मुलांच्या मंडळाला वर्गणी लावावी का?

खाडीकाठ (धागाकर्ता): गुहागर तालुक्यातली आमची वाडी. चार वर्षं झाली, शाळा सुटली की पोरं समाजमंदिरात जमतात. साडेपाच ते साडेसात. गृहपाठ, कॅरम, दोन ट्रंका पुस्तकं, शनिवारी लगोरी. वाडीतल्या मुंबईकरांचं मंडळ शिमग्याला हात सैल सोडतं. तीन कॅरमबोर्ड आले, तिन्हींवर देणगीदारांची नावं. पण पोरांना सांभाळणाऱ्या ताईचं लग्न झालं. आता किल्ली माझ्या खिशात, आणि मी दुकान बंद करून येतो साडेसातला! पोरं पायरीवर बसून घरी जातात. माझं मत: घरटी महिना शंभर घ्या आणि नव्या ताईला मानधन द्या. चाळीस घरं आहेत.

नाखवा: 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. बोटी वर ओढलेल्या. तेव्हा शंभर कुठून काढू? आमचीच पोरं आधी गळणार, आणि गरज त्यांनाच जास्त.

गिरगाव-मुक्काम: वर्गणी नकोच. सात जण जमवा, 1860 च्या कायद्याखाली संस्था नोंदवा. मोठ्या कंपन्यांना नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, त्यातून मागू. मानधनालाही माझा विरोध आहे. साने गुरुजी आपल्याच पालगडचे. 1941 पासून त्यांच्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखा चालल्या त्या काय पगारावर?

माहेर मालवण: भाऊ, शाखा चालवणारे शिबिरं करून तयार व्हायचे. आपण ताईच्या हातात किल्ली देतो नि मोकळे होतो. आणि नोंदणी केली की दरवर्षी हिशेब तपासून घ्या, कार्यकारिणी बदलली की धर्मादाय कार्यालयात कळवा. ते कोण करणार, गिरगावातून तुम्ही? आमच्या गावात एका कंपनीने संगणक दिला होता. फोटो झाले. प्लास्टिकची पिशवी कुणी काढलीच नाही, दोन पावसाळ्यांत आत बुरशी. वस्तू द्यायला सगळे पुढे, माणसाचे पैसे द्यायचे म्हटलं की खाकरतात. माजी आवस म्हणायची, पैशे कोण देतलो ता आधी सांगा.

खाडीकाठ: मुद्दा हाच. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला-बालकल्याणावर खर्चायचे असतात. ग्रामसभेत मागूया, पण मिळेपर्यंत पोरं पायरीवर बसणार का? नाखवांचं मात्र पटलं. महिन्याचा हट्ट सोडतो. बागायतदारांनी आंब्याच्या पेट्यांचा हिशेब झाला की द्यावं, बोटवाल्यांनी नारळी पुनवेनंतर धंदा लागला की. ज्याला जमत नाही त्याचं नाव फळ्यावर लिहायचं नाही.

गिरगाव-मुक्काम: म्हणजे शेवटी देणारे तेच दहा जण. लिहून ठेवा. तरी पहिले सहा महिने आमच्या मुंबईच्या मंडळातर्फे मानधन देतो. चौथा कॅरम रद्द. (बैठकीत माझं काय होईल ते बघू.)

नाखवा: ताई मिळाली का पण?

खाडीकाठ: बारावी झालेली एक मुलगी तयार आहे. आईची अट एकच: साडेसातला काळोख असतो, घरापर्यंत सोबत हवी.

नाखवा: तिचं घर आमच्या पुढे. मी त्या वेळी ओट्यावर जाळं सांधत असतो. सोडीन.