शब्दचर्चा: कर्कडेलच्या चर्चचा 'जीर्णोद्धार' म्हणायचा का?

मंडळी, एका जुन्या इंग्रजी लेखाचं मराठी करताना एका शब्दावर अडलोय. उत्तर यॉर्कशायरमधे कर्कडेल नावाच्या दरीत सेंट ग्रेगरीचं छोटंसं चर्च आहे, त्याच्या दक्षिणेकडच्या दारावर सात फुटांहून लांब दगड बसवलाय, मधे सूर्यघड्याळ आणि बाजूंना जुन्या इंग्रजीतला लेख. मजकूर साधारण असा की गामलचा मुलगा ऑर्म याने हे मिन्स्टर (जुन्या काळचं मोठ्या मुलखाचं चर्च) विकत घेतलं तेव्हा ते 'टोब्रोकन आणि टोफालन' (मोडलेलं-पडलेलं) होतं, मग त्याने ते पायापासून नवं करवलं, इंग्लंडच्या एडवर्ड राजाच्या आणि अर्ल (प्रांताचा मोठा सरदार) टॉस्टीच्या दिवसांत. टॉस्टी १०५५ ते १०६५ अर्ल होता, म्हणजे काळ पक्का. मला जीर्णोद्धार लिहावंसं वाटतंय, पण 'पायापासून नवं' म्हणजे पुनर्बांधणी ना?

— जीर्णोद्धारच लिहा हो! पुनर्बांधणी पुलाची होते. आपल्याकडे मालोजीराजांनी आणि पुढे अहिल्याबाईंनी घृष्णेश्वराचं काम केलं त्यालाही आपण जीर्णोद्धारच म्हणतो, देवस्थान तेच राहतं, दगड किती बदलले हे कोणी मोजत नाही. आणि कर्कडेलला तर जुन्या क्रुसांचे तुकडे भिंतीतच चिणलेले सापडतात, ऑर्मच्या आधीच्या थडग्यांच्या दोन कोरीव शिळाही आहेत, आता त्या आत ठेवल्यात. म्हणजे लेख म्हणतो नवं, पण भिंती सांगतात की जुनं टाकून दिलेलं नाही. त्या जोडशब्दाला मात्र 'मोडलेलं-पडलेलं' पुरणार नाही, त्यातला 'टो' म्हणजे पार, तुकडे होईपर्यंत. 'पार मोडून, ढासळून गेलेलं' बघा कसं वाटतं.

— मिन्स्टरचं काय करताय? मूळ लॅटिन मोनास्टेरियम म्हणून 'मठ' करू नका प्लीज. सुरुवातीला तिथे पाद्र्यांचा समूह राहून आसपासचा मोठा मुलूख सांभाळायचा, पण ऑर्मच्या वेळी एक जमीनदार ते सरळ विकत घेतोय, मठ असा विकत घेतला म्हटलं तर वाचणारा गोंधळेल. मिन्स्टरच ठेवा. दरीचं नावसुद्धा चर्चवरूनच पडलंय, कर्क म्हणजे चर्च, हा नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेच्या, वळणाचा शब्द. ऑर्म, गामल ही नावंही नॉर्सच, आणि लेख मात्र इंग्रजीत! मला ह्या दगडातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते, व्हायकिंगांची नातवंडं-पतवंडं इंग्रजीत लिहून घेतायत.

— धन्यवाद, जीर्णोद्धार पक्का केला. अजून एक, घड्याळावर 'प्रत्येक टिडला दिवसाची सूर्यखूण' असं आहे. 'तास' लिहिलेलं चालेल?

— तास नको. टिड म्हणजे वेळ, दिवसाचा एक टप्पा. तबकडीच्या अर्ध्या वर्तुळाचे आठच भाग आहेत, बारा नाहीत, त्यामुळे तास लिहिलंत की चित्राशी जुळणार नाही. 'प्रहर' जवळचा आहे, अगदी काटेकोर नको असेल तर 'वेळोवेळी'. आणि शेवटी 'हावर्थने मला घडवलं, आणि ब्रँड पाद्र्याने' असं आहे ना, तिथे दगड स्वतः बोलतोय. तो 'मला' कृपा करून गाळू नका.