मुंबई–न्यूयॉर्क: जाताना साडेसहा तास, येताना चोवीस?

मिरजकर_आजोबा
नमस्कार मंडळी. मे महिन्यात आम्ही दोघं लेकीकडे न्यूजर्सीला निघालोय, पहिलाच विमानप्रवास. तिकिटावर लिहिलंय: 14 मे, मुंबईहून 01.30 ला सुटणार, न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी 8 ला. परतीला सकाळी 11.30 ला निघून दुसऱ्या दिवशी 11.30 ला मुंबई. लेक म्हणते, ‘बाबा, साडेबारा हजार किलोमीटर अंतर आहे, बाकी डोकं लावू नका.’ पण जन्मभर एसटीची वेळापत्रकं लावली, स्वस्थ कसा बसू? शिवाय हिला दोन वेळा इन्सुलिन आहे, ते कुठल्या घड्याळावर द्यायचं? 13 च्या रात्रीची महालक्ष्मी धरतोय.

अटलांटिकपार
काका, वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या आहेत. मेमध्ये न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं (हिवाळ्यात साडेदहा). साडेसहात साडेनऊ मिळवा, 16 तास. चोवीसातून वजा करा, साडेचौदा. मधला दीड तास वाऱ्याचा. त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारं असतं, जाताना तोंडावर, येताना पाठीशी.
आणि फरक आठवत नसेल, तर तिकिटावरचे दोन्ही आकडे मिळवून निम्मे करा. सव्वापंधरा. एकीकडे कमी झालेलं दुसरीकडे वाढतं, सरासरी बरोबर येते.

नकाशावेडा
भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवू नका, रेघ सहारा वाळवंटावरून जाईल आणि अंतर दीड हजार किलोमीटरहून जास्त वाढेल. नातवाच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणा, तो नॉर्वे-आइसलँडच्या बाजूने वर चढून खाली उतरतो. साडेबारा हजार ते हेच. प्रत्यक्षात विमान थोडं जास्तच फिरतं. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली, तेव्हापासून आपल्या कंपन्यांना वळसा पडतो.

नर्सताई_कोथरूड
अहो काका, आधी रेल्वेचं तिकीट बदला! 14 तारखेचे 01.30 म्हणजे 13 ची रात्र उलटल्यावर. 13 ची महालक्ष्मी सीएसएमटीला 14 च्या सकाळी लागते, तोवर विमानाला सुटून सहा तास होतील. 12 ला निघा. 13 ला दिवसभर कुणाकडे तरी पाठ टेका, रात्री साडेनऊपर्यंत विमानतळावर.
काकूंच्या इन्सुलिनचं डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, किती तासांनी, किती युनिट. एक घड्याळ भारताच्या वेळेवरच राहू द्या. इन्सुलिन हातातल्या बॅगेत. खालच्या सामानात गोठलं तर वाया जातं. आणि काकूंना अधूनमधून उठवून चालवा.

मिरजकर_आजोबा
12 ची महालक्ष्मी मिळाली, दोन्ही खालचे बर्थ. रात्रीचा हिशेब मुलीच्या लक्षात आला नव्हता, तिला फोनवर चार शब्द ऐकवले. आता हिचा प्रश्न: मेतकूट नेता येतं का?

अटलांटिकपार
येतं. घट्ट बांधून न्या आणि तिथे उतरल्यावर विचारलं, तर खाण्याचं आहे म्हणून सरळ सांगा. लपवलं तर दंड होतो.