मदत हवी आहे: शेततळ्यात चिलापी बेसुमार वाढली, कटला-रोहू खुंटले

नमस्कार मंडळी. जत तालुक्यात आमचं ३४ बाय ३४ मीटरचं, प्लास्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं आहे. मागच्या वर्षीच्या पावसाळ्यात कटला, रोहू, मृगळ या माशांची मिळून १००० बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली. पाणी म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचं घेतो. त्यातूनच चिलापी (तिलापिया) माशाची पिल्लं आली असावीत, कारण आम्ही ती कधीच सोडली नाही.

आता पेंड टाकली की पाणी उकळल्यासारखं होतं आणि वर येते ती सगळी बोटभर चिलापी. परवा एक मादी हातात धरली, तर तिच्या तोंडातून डाळीएवढी पिल्लं टपाटप बाहेर पडली. बघून पोटात गोळाच आला. कटला वर्ष झालं तरी पाव किलोच्या पुढे जाईना. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात, तेव्हा ताजं पाणी सोडतो.

वडील म्हणतात, तळं रिकामं करा. पण खाली डाळिंब आहे, एवढं पाणी सोडून देणं जिवावर येतं.

मरळ सोडली तर चिलापीची पिल्लं खाऊन आवरेल का? किती सोडायची, केवढी? पाव किलोच्या कटल्याला तिचा धोका नाही ना? पावसात ती बांधावरून निघून जाते म्हणतात, मग कडेला जाळी किती उंच लावायची? आणि मासे काढायला ओढजाळं फिरवताना त्याच्या शिशाच्या गोळ्यांनी कागद फाटू नये म्हणून तुम्ही काय करता?

कागदाच्या तळ्यात ज्यांनी स्वतः हे केलंय, त्यांनी कृपया सविस्तर सांगा. उन्हाळ्याआधी काहीतरी करायलाच हवं.