मीटर बोर्ड वर घ्यायचा का?

सचिव (बी-२०४): नमस्कार मंडळी. काल दुपारी सी विंगच्या मीटर रूममध्ये पाणी शिरलं, फोटो टाकलाय. बोर्डाची खालची कड आणि पाणी यांच्यात जेमतेम वीतभर अंतर उरलं होतं. लिफ्टच्या पिटमधलं पाणी उपसलंय, पण लिफ्टवाला बघून जाईपर्यंत लिफ्ट चालू करू नका. आज विषय एकच : मीटर बोर्ड आणि पंपाचा स्टार्टर चार फूट वर घ्यायचा का? रविवारच्या सभेआधी मतं सांगा. गुड मॉर्निंगचे फोटो आज नकोत.

ए-३०१: रिडेव्हलपमेंटची संमतीपत्रं देऊन झालीत. दोन वर्षांत पाडायच्या भिंतीवर खर्च कशाला?

जोशी काकू (सी-१०२): ही दोन वर्षं मी २०१६ पासून ऐकतेय.

बी-४०१: गटार साफ नाही, दुसरं काही नाही. दरवर्षीचं रडगाणं.

पाटील काका (सी-००२): गटारात सकाळी मी स्वतः काठी घालून बघितलं, मोकळं होतं. पाणी जाणार कुठे? त्या वेळी खाडीला भरती होती. वाशी वसली खाजणावर, मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा आपली जमीन खाली. म्हणून सिडकोने होल्डिंग पाँड ठेवले. पावसाचं पाणी नाल्यातून तलावात येतं, तिथून खाडीत जातं, मध्ये झडपा. खाडी चढली की तिच्याच दाबाने झडप मिटते. खारं पाणी आत येत नाही, पण आपलंही बाहेर जात नाही. ओहोटी लागेपर्यंत ते तलावाने धरून ठेवायचं. याला सगळे डच पद्धत म्हणतात. आमच्या आजोबांच्या भातशेताला बांध होता आणि बांधाला उघाडी होती. तीही हेच करायची, फक्त तिला हॉलंडचं नाव नव्हतं.

बी-४०१: मग तलावाने धरलं का नाही?

पाटील काका (सी-००२): गाळ साचलाय, त्यावर कांदळवन माजलंय. मडकं तेवढंच, पण निम्मी माती भरलेली.

ए-३०१: तोडा मग ते कांदळवन.

मृणाल (ए-२०३): तसं तोडता येत नाही. २०१८ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर सार्वजनिक हिताचं काम असेल तरच, तेही न्यायालयाची परवानगी घेऊन. आणि खाडीकाठचं कांदळवन लाटांचा जोर मोडतं, ते जायलाच नको. तलावातलं वेगळं, काठावरचं वेगळं. दोन्ही एका वाक्यात तोडू नका.

जोशी काकू (सी-१०२): पण आधी एवढं पाणी येत नव्हतं ग. २६ जुलै सोडून.

मृणाल (ए-२०३): तेव्हा सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला होता काकू, तो हिशेबच वेगळा. काल तर दोनच तास पडला, पण कोसळला. हवा एका अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, आणि पाऊस पडतो तेव्हा एकदम. मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या भागावर होणारी अतिवृष्टी तिपटीने वाढली. वर समुद्रही दरवर्षी थोडा थोडा चढतोय. म्हणजे झडप जास्त वेळ मिटलेली आणि पाऊस कमी वेळात जास्त.

सचिव (बी-२०४): २०२५ मध्ये मान्सून मुंबईत २६ मे ला आला, एरवीची तारीख ११ जून. आपल्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग अर्ध्यावर होतं, आठवतंय ना?

जोशी काकू (सी-१०२): न आठवायला काय झालं? माझा सोफा होता त्याखाली.

देशपांडे सर (ए-४०२): मुळात हे पाप कुणाचं? अमेरिकेत दरडोई कार्बन डायऑक्साइड सुमारे १४ टन, आपल्याकडे सुमारे २. शंभर-दीडशे वर्षं धूर त्यांनी काढला आणि मीटर आपण उचलायचे?

मृणाल (ए-२०३): अगदी बरोबर आहे सर, आपलं सरकारही तेच सांगतं. २०२४ मध्ये बाकूच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभे करायचं कबूल केलं. मागणी होती १.३ लाख कोटी डॉलरची. भारताने तिथल्या तिथे आक्षेप घेतला.

जोशी काकू (सी-१०२): ते डॉलर सी विंगपर्यंत कधी पोचतील?

बी-४०१: त्यापेक्षा गच्चीवर सोलर लावा. सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन मीटरला किलोवॅटमागे १८,००० अनुदान आहे. लिफ्ट, पंप त्यावर चालेल.

पाटील काका (सी-००२): पंप बुडाला तर सोलर काय करणार? आधी पंप वर, मग सूर्य.

सचिव (बी-२०४): सोलर पुढच्या सभेत घेऊ, विषय पळवू नका. बोर्ड हलवायला महावितरणची मंजुरी आणि लायसनवाला कंत्राटदार लागेल. तीन कोटेशन मागवतो.

ए-३०१: माझा विरोध नोंदवा. बिल्डर आल्यावर सगळं नवीनच मिळणार आहे.

मृणाल (ए-२०३): मग बिल्डरच्या करारात आत्ताच लिहून घ्या ना : मीटर, पंप, जनरेटर बेसमेंटमध्ये नको. नकाशात काय दाखवलंय ते कुणी बघितलंय का?

ए-३०१: …बघतो.

ए-३०१: दोन बेसमेंट आहेत. मीटर रूम खालच्यात.

पाटील काका (सी-००२): खाजणात दोन मजले खाली! वा!

ए-३०१: ठीक आहे, हे सभेत मीच मांडतो. पण आत्ताच्या खर्चाला विरोध कायम.

जोशी काकू (सी-१०२): मांडा हो. आणि वॉचमनच्या केबिनचा पत्राही घ्या विषयात. एप्रिलमध्ये तो बिचारा दुपारी बाहेर पायरीवर बसतो, आत भट्टी असते.

सचिव (बी-२०४): घेतला. रविवारी सकाळी १०, बी विंगखाली. पाटील काका, त्या वेळी भरती नाही ना?

पाटील काका (सी-००२): तक्ता बघून सांगतो. पुढच्या आठवड्यात साडेचार मीटरच्या वरच्या दोन भरत्या आहेत, तेव्हा स्कूटर उतारावर लावू नका.

सी-३०३: खालची टाकी धुतली का कुणी? नळाच्या पाण्याला अजून चिखलाचा वास येतोय.