घरचा इंकजेट फिकट, रेघारेघांचं छापतोय? आपापले अनुभव लिहा

मुलीच्या प्रकल्पासाठी फोटो छापला, तर आकाश जांभळट आणि त्यात आडव्या पांढऱ्या रेघा. प्रिंटर तीन महिने बंद होता. नवीन कार्ट्रिज आणणारच होते, तेवढ्यात नोझल चेक, म्हणजे शाईची बारीक छिद्रं (नोझल) चालतात का ते दाखवणारं रेघांच्या जाळीचं पान, काढायचं सुचलं. निळ्याच्या जाळीत निम्म्या रेघा गायब! हेड क्लीनिंग (ही छिद्रं असलेला भाग, म्हणजे हेड, शाई सोडून साफ करणं) केल्यावर थोड्या परत आल्या, दुसऱ्यांदा अजून थोड्या. मग रात्रभर तसाच ठेवला. सकाळी जाळी अखंड आली. वाळलेली शाई भिजायला वेळ लागतो. तुमच्याकडे काय झालं होतं, कशाने सुटलं, सविस्तर लिहा.

---

थांबलात ते फार बरं केलंत. मी एका संध्याकाळी सात-आठ वेळा क्लीनिंग केलं. त्यात वापरलेली शाई आतल्या वेस्ट इंक पॅडमध्ये (वाया शाई शोषणाऱ्या गादीत) जाते आणि पॅड भरलं की प्रिंटर छापायचंच थांबवतो. माझं पॅड बदलून घ्यावं लागलं, शाई गेली ती वेगळीच.

---

आमच्याकडे दोष सवयीचा होता. काम झालं की भिंतीवरचा स्विच बंद! प्रिंटरच्या बटणाने बंद केला तर हेड कडेला जाऊन रबरी टोपीवर बसतं आणि नोझल झाकली जातात. मध्येच वीज तोडली तर उघडी राहून वाळतात. आता बटणानेच बंद करतो, शिवाय आठवड्याला एक रंगीत पान काढतो. तक्रार नाही.

---

ग्लॉसी कागद उलटा घातला होता. शाई थेंबाथेंबाने साचायची, बोट लागलं की फासायची. बाकी सगळं ठीक होतं.

---

पिवळ्याकडे नीट बघा. पांढऱ्या कागदावर त्या रेघा दिसतच नाहीत, त्यामुळे त्यातल्या तुटक जागा मला दोन आठवडे कळल्या नाहीत. शेवटी खोलीत अंधार केला, मोबाईलचा स्क्रीन पूर्ण निळा केला आणि त्या उजेडात पान धरलं. पिवळी जाळी काळपट होऊन उठून दिसली, मधल्या खिंडारांसकट.

---

माझी जाळी पूर्ण होती, तरी उभ्या रेघा दुहेरी आणि अक्षरं धूसर. तिथे क्लीनिंगचा उपयोग नाही, हेड अलाइनमेंट (हेडची जुळणी) करावं लागतं. पाच मिनिटांत काम झालं. म्हणून आधी नोझल चेक, मगच बाकीचं.