जुलै-ऑगस्टमध्ये समुद्राकाठी जायचंय, पाऊस आणि गर्दी दोन्ही टाळता येईल का?

गोंधळी_बाबा:
नमस्कार मंडळी. मुलांच्या सुट्टीमुळे तारखा अजिबात हलत नाहीयेत, १५ जुलै ते १५ ऑगस्ट यातलेच दहा दिवस मिळतील. सोबत आई-बाबा (दोघंही सत्तरीचे) आणि दोन पोरं, वय ६ आणि ११. पोरांना बाकी काही नको, फक्त समुद्र, म्हणजे सकाळी पाण्यात सोडायचं आणि संध्याकाळी ओढून बाहेर काढायचं. फुकेत जवळजवळ ठरलं होतं पण हॉटेलं एवढी स्वस्त दिसायला लागली की बायको म्हणाली काहीतरी गडबड आहे, मग बघितलं तर पावसाळा! बालीत ऊन आहे म्हणे पण गर्दी तुफान. श्रीलंकेबद्दल एक मित्र म्हणतो डोळे मिटून जा, दुसरा म्हणतो चुकूनही जाऊ नकोस. आणि वेदर ॲपवर कुठलंही बेट टाका, दहाच्या दहा दिवस ढग आणि वीज. डोकं चालेना झालंय, सांगा काहीतरी.

छत्रीवाली:
वहिनींचा संशय बरोबर आहे :) फुकेत, क्राबी हा अंदमान समुद्राकडचा किनारा, मे ते ऑक्टोबर नैऋत्य मान्सूनचा वारा सरळ त्याच्या अंगावर येतो. पाऊस एक वेळ चालेल हो, पण लाटा आणि पाय खाली टेकू न देता आत ओढणारं पाणी, किनाऱ्यावर लाल बावटे लावलेले असतात, ६ वर्षांच्या पोराला घेऊन नुसतं बघत बसायचं का? सिमिलान बेटं तर मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच ठेवतात.
पण तोच देश, पलीकडची बाजू, थायलंडच्या आखातातलं को सामुई घ्या. तिकडचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, नोव्हेंबरात सगळ्यात जास्त. जुलैमध्ये सरी येतात पण समुद्र बराच शांत. श्रीलंकेचे तुमचे दोन्ही मित्र खरं बोलतायत, एक बहुतेक पूर्व किनाऱ्याला गेला असेल आणि दुसरा गॉल-बेंटोटाकडे. तुमच्या तारखांना नैऋत्य बाजू खवळलेली असते आणि पूर्वेला त्रिंकोमाली, पासिकुडा छान असतं. पासिकुडाला तर पाणी लांबपर्यंत उथळ आहे, पोरांसाठी बेस्ट. मलेशियातल्या पेर्हेंतियान, रेडांगचं पण हेच, पूर्व किनारा असल्यामुळे तुमच्या वेळेला चालू असतात आणि ईशान्य मान्सूनमध्ये, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तिथली बरीच रिसॉर्ट्स कुलूप लावून मोकळी होतात. देशाचा सीझन वगैरे काही नसतं, किनाऱ्याचा असतो.

अर्धवट_प्रवासी:
ॲपचं सांगतो. दिवसभरात कधीही एक सर पडायची शक्यता असली की ते आख्ख्या दिवसावर वीज काढून ठेवतं. त्या भागात सकाळी लख्ख ऊन, मग जमीन तापते, ढग वर चढतात आणि दुपारी तीन-चारला धो धो, तासाभरात परत ऊन, असं बरेचदा होतं. त्यामुळे रोजचं चित्र सोडा, महिन्याची सरासरी किती मिलिमीटर आणि पावसाचे दिवस किती हे दोन आकडे बघा, जमलं तर लाटांची उंची पण. आणि दहा दिवसांपुढचा अंदाज वाचून घरात भांडणं करू नका, आमच्याकडे झालीत.
एक गोष्ट मात्र मी उलट सांगेन. मी ऑगस्टमध्ये मुद्दाम क्राबीला गेलो होतो, पाचपैकी चार सकाळी कोरड्या, बीच रिकामा, मजा आली. पण मी एकटा होतो आणि पुस्तक घेऊन गेलो होतो. शिवाय स्नॉर्कलिंगची बोट आधीच पैसे भरून ठेवलेली, ती वाऱ्यामुळे रद्द झाली आणि पैशांऐवजी पुढच्या वर्षीचं कूपन हातात टेकवलं. रिफंडचं आधी लिहून घ्या.

निवांत_मावशी:
बालीला एवढं घाबरू नका. बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला, साधारण ८ अंशावर, म्हणून जुलै-ऑगस्ट तिथला कोरडा सीझन आणि हवा पण त्यातल्या त्यात बरी. गर्दी आहेच, युरोपची सुट्टी, जुलैच्या मध्यापर्यंत ऑस्ट्रेलियातल्या शाळांचीही, पण ती सगळी चांगू, सेमिन्याक, उबुद अशा ठरलेल्या जागी. लोविना, अमेद बाजूला निवांत असतं, फक्त वाळू काळी.
लेंपुयांगच्या देवळाचा तो दरवाजा फोटोत बघितला असेल, खाली तळ्यात प्रतिबिंब पडलेलं? तळं-बिळं काही नाही. फोटोवाला मोबाइलखाली आरशाचा तुकडा धरतो! त्या एका फोटोसाठी आम्ही नंबर घेऊन पावणेतीन तास बसलो, सासूबाई शेवटी म्हणाल्या तुमचा फोटो होऊदे, मी खाली जाऊन बसते. आई-बाबांना तिथे नेऊ नका.
तुमच्यासाठी बालीतलंच सानूर. बाहेर प्रवाळाची भिंत आहे त्यामुळे लाटा तिथेच मोडतात, आत पाणी शांत. दुपारी वारा सुटतो, आकाशात हे मोठाले पतंग, पोरं खूश.

गोंधळी_बाबा:
वा, फुकेत कटाप! सामुई की सानूर एवढंच राहिलं आता. सामुईला गर्दी किती असते हो?

छत्रीवाली:
तुमच्या तारखांना सामुईला पण युरोपातली मंडळी असतात, रिकामं मिळणार नाही. एक गंमत म्हणजे शेजारच्या को फांगनला फुल मून पार्टी असते, त्या दिवसांत सामुईहून जाणाऱ्या बोटी खच्चून भरतात. मी आयुष्यात पहिल्यांदा पौर्णिमा बघून हॉटेल बुक केलं ते तिथे.
आणि कुठेही गेलात तरी अंधार साडेसहा-सातपर्यंत पडतो. उन्हाळ्यात नऊपर्यंत उजेडाची सवय असेल तर दिवस फार छोटा वाटतो. सातला पाण्यात, अकराला सावलीत, दुपारी झोप, चारला परत. अकरा ते तीन ऊन डोक्यावर असतं, ढग असले तरी कातडी सोलून निघते. देवळं, धबधबे वगैरे पण सकाळी आठच्या आत उरका, टूरच्या बसेस त्यानंतर येतात.

निवांत_मावशी:
सानूर घेतलंत तर भरती-ओहोटीचं टेबल आधी बघा हं. ओहोटीला पाणी पार प्रवाळापर्यंत मागे जातं, पोहायला काही उरत नाही, नुसता चिखल, शेवाळ आणि खेकडे. आमची धाकटी खेकड्यांमागे दोन तास होती ती वेगळी गोष्ट, पण पायात रबरी बूट असू देत सगळ्यांच्या, आजी-आजोबांच्या पण.

गोंधळी_बाबा:
खेकडे वाचून दाखवले आणि विषय संपला, सानूर. टेबल बघून तारखा टाकतो.