पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या सरकारी ॲपवर शंभर टक्के वजनं भरलेली, पण आकडा खरा आहे का हे कसं ओळखायचं?

प्रश्न – सुपरवायझर, खानापूर
मी मूळची निपाणीची. आता जांबोटी-कणकुंबीकडच्या अंगणवाड्या माझ्याकडे आल्यात. महिन्याच्या मीटिंगला विचारतात एवढंच, किती मुलांची वजनं भरली? भरलीत की, सगळी! पण एका केंद्रात जवळजवळ प्रत्येक वजन पूर्ण किलोत नाहीतर अर्ध्यात. आणि एका मुलीची उंची मागच्या महिन्यापेक्षा कमी. टीचर कामाची आहे, रेंज मिळावी म्हणून फोन घेऊन वरच्या वळणापर्यंत चालत जाते. तिला मेमो द्यायचा नाही मला. मी नक्की काय बघू?

उत्तर – निवृत्त सुपरवायझर, चिकोडी
बाई, आधी त्या मुलीचं वय बघा. दोन वर्षं नुकतीच झाली असतील तर भानगड वेगळी. दोन वर्षांपर्यंत लांबी झोपवून घेतात, पुढे उंची उभं करून. तेच मूल उभं राहिलं की साधारण ०.७ सेंमी कमी भरतं. यात टीचरची काही चूक नाही. फरक त्याहून मोठा असला तर मात्र टाच उचललेली, गुडघा वाकलेला, नाहीतर डोकं धरायला दुसरं माणूसच नाही. मदतनीस रजेवर होती का विचारा.

पूर्ण-अर्ध्याचं म्हणाल तर तो अंदाजपंचे आकडा. अचानक जा, चार-पाच मुलं टीचरसोबतच पुन्हा मोजा. काटा शून्यावर येतो का तेही बघा, निम्मं दुखणं तिथंच असतं. आणि मीटिंगमध्ये टक्का वाचू नका, सलग दोन महिने वजन न वाढलेल्या मुलांची नावं वाचा. टक्का विचारला की टक्काच मिळतो.

उत्तर – अंगणवाडी टीचर, रायबागकडची
अक्का, आमच्याकडं दुखणं उलटं. साखर कारखाना पेटला की बीडकडच्या ऊसतोड टोळ्या येतात, खोपीत दोन-तीन वर्षांची पोरं. त्यांचं नाव त्यांच्या गावच्या अंगणवाडीत. ॲपमध्ये स्थलांतराची सोय आहे, पण ज्या मोबाईलवर ओटीपी जाणार तो बापाकडं, आणि बाप उसाच्या फडात. नोंद होईस्तोवर पट्टा पडतो, म्हणजे हंगामच संपतो. मग दोन्हीकडच्या यादीत पोर ठीकच दिसतं! मी वहीत टोळीच्या मुकादमाचा नंबर, पोराचं नाव आणि दंडाच्या घेराचं माप लिहून ठेवते. साडेअकरा सेंमीच्या खाली माप आलं म्हणजे पोर अतिकुपोषित, मग ॲप राहू दे बाजूला, आधी पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन.

उत्तर – फिजिओथेरपिस्ट, बेळगाव
वजन उत्तम असूनही मूल दीड वर्षाचं होऊन चालत नाही, हाकेला वळत नाही, असं असू शकतं. वजनाच्या तक्त्यात ते सापडणार नाही. २०१३ पासून आरबीएसके, म्हणजे मुलांच्या आरोग्य तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्यांची टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी करते, त्यात विकासातला उशीरही येतो, आणि पुढे जिल्ह्याच्या उपचार केंद्रात पाठवतात. गळती होते ती इथं. ‘रेफर केलं’ लिहिलं की सगळ्यांच्या लेखी काम संपलं. कणकुंबीहून कडेवर मूल घेऊन एसटीनं येणाऱ्या आईचा अख्खा दिवस आणि मजुरी जाते. तुमच्या यादीत ‘पोचलं कधी’ आणि ‘परत कधी बोलावलंय’ हे दोन रकाने हातानं आखा.

सुपरवायझर, खानापूर
मुलीला मागच्याच महिन्यात दोन वर्षं झाली! सोमवारी काटा घेऊन जाते. रकाने आखलेच, तीन नावांपुढं ‘पोचलं’ रिकामं आहे. त्यातल्या दोघी एकाच वाडीतल्या, एकत्र गाडी होते का बघते.